कुत्रा कुठल्या पानावर मेला?

आमच्या शाळेत एआयचा जबाबदार वापर सुरू झाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता कुणाची तरी मान अडकणार. आमच्याकडे 'जबाबदार' हा शब्द निघाला की कामाची वाटणी होत नाही, दोषाची होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांची बैठक बोलावली आणि एक जाडजूड धोरण सगळ्यांना वाटलं. धोरण देखणं होतं. सगळे परिच्छेद सारख्या लांबीचे आणि शुद्धलेखनाची चूक औषधालाही नाही. मोठ्या बाईंचं मागच्या वर्षीचं पत्रक मला चांगलं आठवत होतं, त्यात 'परीक्षा' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. तेव्हा हे धोरण कुणी लिहिलं ते विचारायची गरजच नव्हती. एआय जपून वापरा, असं एआयनेच आम्हाला बजावलं होतं.

मुलांनी एआय वापरला तर तसं सांगावं, शिक्षकांनी वापरला तर तपासून सही करावी, असं त्यात होतं. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं, उलट बरंच शहाणपणाचं वाटलं. पण शेवटाकडे एक कलम होतं: विद्यार्थ्याच्या उत्तरात पुस्तकात नसलेला प्रसंग आढळल्यास ते उत्तर एआयने रचलेलं समजावं, शून्य गुण द्यावेत आणि पालकांच्या सहीचं माफीपत्र घ्यावं. माफीपत्र आलं नाही तर मूल वरच्या वर्गात जाणार नाही. ह्या सगळ्यावर देखरेख करायला एक समिती हवी होती आणि तिचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी गणित शिकवते आणि माझा स्वभाव वाईट आहे.

स्वभावाचं खोटं नाही. मुलं मला पाठीमागे पायरीबाई म्हणतात. नुसतं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच गुण देते. कुठल्या पायऱ्यांनी आलात ते दाखवा, मग बाकीचे. उत्तर काय, शेजाऱ्याच्या वहीतूनही येतं.

आता टिटवीबद्दल सांगायला हवं. सातवीतली मुलगी. एकदा प्रश्न विचारायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं येत होती, पण दुसऱ्या शब्दापर्यंत पोचेतो पहिला हातातून निसटायचा. भाषेच्या तासाला हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिथे सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि ही तोंड हलवायची. गणितात मात्र पकडली गेली. बेरीज, गुणाकार, अपूर्णांक सगळं चोख, आणि शाब्दिक उदाहरण आलं की कोरं पान.

शाळा सुटल्यावर मी तिला माझ्या टेबलाशी बसवायला लागले. ह्यात माझा मोठेपणा काही नाही, कोरं पान मला बघवत नाही इतकंच. वाचायला सोपे उतारे हवेत म्हणून मी एआयचीच मदत घेतली. तिची आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात इस्त्री करते, म्हणून मी चादरी, वाफ, घड्या ह्यांच्यावर उतारे मागायचे. ते क्षणात यायचे आणि वाचायला गोडही असायचे. एकात आई इस्त्री पाण्यात बुडवून गरम करत होती. तेव्हापासून प्रत्येक उतारा मी आधी लाल पेनाने तासायचे आणि मगच टिटवीपुढे ठेवायचे. एआय म्हणजे हुशार पण थापाड्या भाचा. त्याला बाजारात जरूर पाठवावं, पण आल्यावर पिशवी आपण उघडून बघावी.

हळूहळू टिटवीचं बोट ओळीवरून न अडखळता सरकायला लागलं. मग एकदा तिने मला एक उदाहरण वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बाई, ह्यात दुकानदार मूर्ख आहे." त्या दिवशी मी घरी जाताना वाटेत स्वतःशीच हसत होते.

आमच्याकडे सातवीला वाचन परीक्षा असते. एक कादंबरी नेमायची आणि तिच्यावर एकच प्रश्न: शेवट तुम्हाला काय शिकवतो? ही परीक्षा भाषेच्या सरांकडे. त्यांना आम्ही अलंकार सर म्हणतो, कारण ते पाणी मागतानाही उपमा देतात. माणूस वाईट नाही, पण कष्टाशी त्यांचं जुनं वाकडं. ह्या वर्षी त्यांनी गावातच राहणाऱ्या एका वयस्क लेखकाची जुनी कादंबरी निवडली, म्हणजे वाचन दिनाला पाहुणाही आयता मिळाला. कादंबरीच्या प्रती बाजारात कधीच संपलेल्या होत्या. शाळेच्या कपाटात एक होती. सरांनी तिची पानं फोनवर टिपली, एआयला दिली आणि सांगितलं, सारांश कर, आदर्श उत्तर लिही, आणि पेपर आले की तपास.

मुलांना सारांश वाटण्यात आला. "ज्यांना मूळ कादंबरी वाचायची असेल त्यांनी मिळवून वाचावी," असंही सर म्हणाले, पण हे ते घंटा झाल्यावर म्हणाले. तोवर वर्ग दाराबाहेर गेला होता. पहिल्या बाकावरची टिटवी तेवढी दप्तर भरत होती.

कादंबरीत एक लाकडी पूल आहे, त्याचा राखणदार आहे आणि त्याचा लंगडा कुत्रा. आदर्श उत्तराप्रमाणे शेवटी पूर येतो, कुत्रा वाहून जाणाऱ्या बाळाला वाचवतो, स्वतः मरतो आणि राखणदार काठावर टाहो फोडतो. शिकवण: निष्ठा आणि त्याग. धोरणाप्रमाणे सरांनी हे तपासायचं होतं. त्यांनी ते तपासलंही. त्यांनी एआयला विचारलं, हे बरोबर आहे का? एआय म्हणाला, होय, अगदी बरोबर आहे. सरांनी सही ठोकली.

शिक्षकांच्या खोलीत त्या कुत्र्यावरून नुसता पूर लोटला. मोठ्या बाई म्हणाल्या, "मी शाळेत असताना वाचली होती. कुत्रा गेला तेव्हा उशी भिजवली होती मी." चित्रकलेच्या बाईंना तर त्या जागी पुढे वाचवलंच नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांनी फोनवरून कळवलं की त्यांच्या वडिलांनी त्यांना ती वाचून दाखवली होती आणि वडिलांचाही गळा दाटून आला होता. मी म्हटलं, मी काही वाचलेली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. गणितवाल्यांकडून आणखी काय अपेक्षा करणार.

निकाल लागला. सगळ्या वर्गाला उत्तम श्रेणी. मुलांनी एआयचा सारांश पाठ करून लिहिला, एआयने तो तपासला आणि स्वतःलाच शाबासकी दिली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर कुत्रंही त्यांनी मारून टाकलं होतं. शून्य फक्त टिटवीला. समितीची अध्यक्ष म्हणून तिचा पेपर माझ्याकडे आला. तिने वाकड्या अक्षरात लिहिलं होतं:

'कुत्रा मरत नाही. पूर उतरतो. एक मुलगी पुलावरून जाते आणि कुत्रा तिच्या मागे जातो. राखणदाराने शीळ घातली असती तर तो परत आला असता. तो शीळ घालत नाही. मला राग आला. मग राग गेला.'

खाली एआयचा सुबक शेरा होता: पुस्तकात नसलेला प्रसंग. उत्तर एआयने रचलेलं असण्याची दाट शक्यता.

मी तिला बोलावलं. रिकाम्या वर्गात ती माझ्यासमोर उभी राहिली.

"हे कुठून आणलंस?"

"पुस्तकातून." तिने दप्तरातून कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं. "वाचनालयातलं आहे. तिथल्या काकूंनी मागच्या कपाटातून शोधून दिलं."

"सगळं वाचलंस?"

"सगळं. काही पानं दोनदा वाचावी लागली. मी रोज आईला वाचून दाखवायचे, आणि ती दमलेली असायची ना, ऐकता ऐकता झोपायची. मग दुसऱ्या दिवशी म्हणायची, कुठं होतो ग आपण, मागून घे."

"मग शेवट तिने ऐकला?"

"ऐकला. ती म्हणाली, बरं झालं शीळ नाही घातली." टिटवीने पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवला. "बाई, हे माझं पहिलंच पुस्तक होतं. अख्खं असं. आणि मी वाचलं नाही म्हणतायत. मग वाचायचं कशाला? सारांश पाठ केला असता तर पास झाले असते. आता नाही वाचणार मी."

ती रडत नव्हती. एखादं उदाहरण सोडवून उत्तर सांगावं तसं सांगत होती, आणि तिच्या उत्तरात मला चूक काढता येत नव्हती. मला असा संताप आला की समोर नुसता फळा होता म्हणून बरं, नाही तर मी काहीतरी फोडलं असतं. एवढ्या खटपटीने हे पोर वाचायला लागलं होतं आणि शाळा तिला शिकवत होती की वाचणं हा तोट्याचा धंदा आहे.

मी पुस्तक तिच्याकडून मागून घेतलं, मधल्या सुट्टीत उघडलं, आणि पुढचे तास मुलांना गणितं घालून टेबलामागे कादंबरी वाचत बसले. शेवट अगदी टिटवीने लिहिला तसाच होता. मग मी भाषेच्या कपाटातून शाळेची प्रत काढली. तिची शेवटची पानं गळून गेलेली होती. पूर चढतो, आणि मग 'तेवढ्यात कुत्रा उठून पाण्याकडे' एवढ्यावर पान संपतं. त्यानंतर थेट मागचा पुठ्ठा. अलंकार सरांनी एकेक पान स्वतःच्या हाताने टिपलं होतं. पाण्याकडे काय, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. एआयलाही पडला नव्हता, पण त्याचं एक समजू शकते. त्याला गप्प बसायला कुणी शिकवलेलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मला वाटलं, झालं, आता दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली की प्रकरण मिटेल. मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले तेव्हा तिथे अलंकार सर होते आणि माफीपत्रासाठी बोलावलेली टिटवीची आईही होती. ती धोबीखान्यातून तशीच आली होती, बाह्या अजून वर सरकवलेल्या. टिटवी तिच्या शेजारी उभी.

मी पुस्तकं ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. मोठ्या बाईंनी शाळेच्या प्रतीचं ते तुटकं शेवटचं पान पाहिलं आणि पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"बाई, निकाल लागलाय. व्हरांड्यात मुलांनी काढलेली कुत्र्याची चित्रं लागलीत. अध्यक्षांनी भाषण लिहून घेतलंय. आणि आता तुम्ही हे उकरून काढताय?"

"मी काही उकरलं नाही. ते कपाटातच होतं."

अलंकार सर खाकरले. "असं आहे, साहित्यकृती ही वाहत्या नदीसारखी असते. एका कृतीचे अनेक शेवट संभवतात. कदाचित पुढच्या आवृत्तीत लेखकानेच..."

"संभवू देत. पायऱ्या दाखवा. कुत्रा कुठल्या पानावर मेला?"

"अहो, हे गणित नाहीये."

"गणित नाही म्हणून पुस्तकाला पानं नसतात का? ह्या मुलीने पान दाखवलं. तुम्ही दाखवा."

सर छताकडे बघायला लागले. तिथे पंखा होता, पान नव्हतं. तेवढ्यात टिटवीची आई म्हणाली, "बाई, भांडू नका. कुठं करायची ती सही करून टाकते मी. पोरीचं वर्ष नको जायला."

"आई, पण मी वाचलंय," टिटवी म्हणाली. "तू ऐकलंयस."

"ऐकलंय ग बाळा. पण माझ्या ऐकण्याला इथं कोण विचारतं?"

हे ती कुणाला टोमणा म्हणून बोलली नव्हती, पण मोठ्या बाईंना तो बसला. त्यांनी माफीपत्र मागे घेतलं नाही, पण पुढेही सरकवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या की लेखक शनिवारी वाचन दिनाला येणारच आहेत, ते सांगतील ते अंतिम. मला हे पटलं. ज्याने कुत्रा जन्माला घातला त्याला तरी माहीत असेल तो मेला की नाही. मी माणसांना अजून ओळखत नाही, हेच खरं.

शनिवारी लेखक आले. बारीक अंगाचे म्हातारे गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट आणि कोपरावर रफू. व्हरांड्यात भिंतभर मेलेली कुत्री लावली होती. निळ्या पाण्यात तपकिरी कुत्रा, लाल पाण्यात काळा कुत्रा, एकात तर कुत्र्याला पंख, आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरात 'वीरमरण'. लेखक पहिल्या चित्रापाशी गोंधळले. दुसऱ्यापाशी त्यांनी चष्मा पुसला. पाचव्या-सहाव्यापाशी त्यांचे डोळे भरून आले आणि ते मला म्हणाले, "एवढी मुलं. मला वाटलं होतं मला आता कुणी वाचत नाही. घरी आमच्या मुलाने पुस्तकांचं खोकं माळ्यावर टाकलं, तेव्हा मी काही बोललोसुद्धा नाही."

भुकेल्या माणसाला ताटातल्या पदार्थाचं नाव कोण विचारणार?

केबिनमध्ये चहा आला. मोठ्या बाई, अलंकार सर, मी, टिटवी आणि तिची आई. मोठ्या बाईंनी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं. "सर, एक छोटीशी शंका आहे. आपल्या कादंबरीत कुत्र्याचं बलिदान आहे, जे आमच्या मुलांना इतकं भावलं. ह्या विद्यार्थिनीचं म्हणणं आहे की तो मरतच नाही."

लेखकांनी कप खाली ठेवला. ते टिटवीकडे बघत नव्हते, दाराच्या फटीतून दिसणाऱ्या व्हरांड्याकडे बघत होते.

"बलिदान," ते म्हणाले. "हो. त्या काळी मी फार गंभीर लिहायचो."

"मरतो का पण?" मी विचारलं.

"फार वर्षं झाली हो. मरत असावा. म्हणजे, आता इतक्या जणांना तसं वाटलं, तर त्यात काहीतरी असणारच."

अलंकार सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि वाहत्या नदीबद्दल काहीतरी म्हणाले. मोठ्या बाईंनी माफीपत्र टेबलावरून टिटवीच्या आईकडे सरकवलं आणि त्यावर पेन ठेवलं. 'माझ्या पाल्याने पुस्तक न वाचता उत्तर लिहिले' असं त्यात होतं. आईने पेन उचललं. मी बोलायला तोंड उघडलं, पण ज्याने लिहिलं तोच उलटला तर माझ्याजवळ कुठली पायरी उरली होती?

"मी आधी शेवटचं पान वाचू?" टिटवीने विचारलं. "मग आई सही करेल."

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना.

टिटवीने दप्तरातलं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून, सावकाश. 'ओसरला' ह्या शब्दाशी अडखळली, मागे गेली, परत आली. "पूर ओसरला. राखणदाराने पुलाच्या फळ्या पायाने दाबून एकेक तपासली. मुलगी निघाली तसा कुत्रा उठला आणि लंगडत तिच्या मागे चालायला लागला. पुलाच्या मध्यावर तो थांबला. त्याने मागे वळून पाहिलं. राखणदाराने शीळ घालायला दोन बोटं ओठांपर्यंत नेली."

इथे तिला दम लागला म्हणून ती थांबली. आणि त्या शांततेत लेखक, डोळे मिटून, पुस्तकाकडे न बघता म्हणाले, "मग त्याच बोटांनी दाढी खाजवली."

"हो," टिटवी म्हणाली. "तेच आहे. संपलं."

लेखकांनी डोळे उघडले. मग ते म्हणाले, "नाही मरत. ती बोटं माझ्या वडिलांची आहेत. मी घर सोडून निघालो तेव्हा ते दारात असेच उभे होते. ते एक वाक्य लिहायला मी ती सगळी कादंबरी लिहिली. आणि आत्ता, भिंतीवरची चार चित्रं बघून, मी तेच वाक्य पुसायला निघालो होतो." त्यांनी टिटवीच्या आईच्या हातातून पेन काढून घेतलं. "लाज वाटते मला. ह्या मुलीने वाचलंय, बाई. मी विसरलो होतो, हिने वाचलंय."

मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. मोठ्या बाईही काही दगड नव्हेत, त्यांनीही डोळ्यांना पदर लावला. पण मुख्याध्यापिकेला डोळे पुसता पुसता सारवासारव करता येते. त्या म्हणाल्या, "छान. फारच छान. मग असं करू या. माफीपत्र रद्द. सर, चित्रांखालचं 'वीरमरण' काढून तिथे 'विश्रांती' लिहायला सांगा. कुत्रे आडवेच आहेत, चालून जाईल. बाकीच्या मुलांचे गुण तसेच राहू देत, त्यांची काय चूक? आणि हिला पूर्ण गुण. कल्पकतेच्या रकान्यात."

अलंकार सर लगेच उठले. आईचा चेहरा उजळला. मलाही क्षणभर वाटलं, चला, सुटली पोर.

"मी कल्पना नाही केली," टिटवी म्हणाली.

"अगं, गुण पूर्ण मिळतायत तुला."

"पण मी कल्पना नाही केली. मी वाचलं. वाचलं असं लिहा."

मोठ्या बाईंनी गुणपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर कल्पकतेचा रकाना होता, मांडणीचा होता, भाषासौंदर्याचा होता, एआयच्या जबाबदार वापराचाही होता. "वाचलं असा रकानाच नाहीये ग," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. वाचन परीक्षेचं गुणपत्रक होतं ते.

मी ते माझ्यापुढे ओढलं. समितीचं अध्यक्षपद उगाच नाही मिळालेलं. पट्टी घेतली, उजवीकडच्या कोऱ्या जागेत वरून खालपर्यंत दोन सरळ रेघा मारल्या आणि वर लिहिलं: वाचलं. टिटवीच्या नावासमोर बरोबरची खूण केली आणि सही केली. मग पत्रक मोठ्या बाईंपुढे ठेवलं. त्या रकान्यात टिटवीच्या वर आणि टिटवीच्या खाली नुसती रिकामी घरं होती. मोठ्या बाई ती बघत राहिल्या. अलंकार सर दारापर्यंत गेले होते, ते तिथेच थांबले. 'विश्रांती' लिहायला कुणीच गेलं नाही.

बाहेर सभागृहातून मुलांचा गलका येत होता. लेखक उठले, शर्ट सारखा केला आणि टिटवीजवळ गेले. तिच्याशी ते अगदी हळू, अजीजीने बोलले.

"बाळ, माझ्याकडची प्रत वाळवीने खाल्ली. हे पुस्तक दोन दिवस मला देशील? मला नीट वाचायचंय."

टिटवीने पुस्तक छातीशी धरलं आणि विचार केला.

"वाचनालयाचं आहे," ती म्हणाली. "आणि मला अजून एकदा वाचायचंय. माझं झालं की मी परत करते, मग तुम्ही तिथून घ्या."

"चालेल," लेखक म्हणाले. "तू सावकाश वाच. मी थांबतो."